बारा आण्यांचा मसाला

मराठी मध्यमवर्गीय घरात गाडीची निवड रंग, ॲव्हरेज, शेजाऱ्यांची गाडी आणि धाकट्या मामांचे मत यांवर होते. दुरुस्तीचा खर्च या चर्चेला हजर नसतो. तो गाडीबरोबर घरी येतो आणि गाडी विकली जाईपर्यंत मुक्काम हलवत नाही.

यातला सर्वांत मोहक सापळा म्हणजे दहा-बारा वर्षांची जर्मन सेडान. ती नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते, दार लावले की श्रीमंत आवाज येतो आणि सोसायटीचा वॉचमन प्रथमच उठून उभा राहतो. पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या हेडलाइटची उतरत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण मोटारीच्या आधीपासून प्रचारात आहे, यावर अशा गाडीच्या मालकाचा विश्वास बसत नाही.

कधीच बिघडत नाही ती गाडी विश्वासार्ह, ही व्याख्या जाहिरातीपुरती ठीक. व्यवहारात, बिघडल्यावर तालुक्याच्या गावीही संध्याकाळपर्यंत चालू होते ती गाडी विश्वासार्ह. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८००ची कीर्ती यावरच उभी होती. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन गल्लीतल्या मिस्त्रीलाही पाठ होते. शिवाय साध्या मॉडेलला पॉवर स्टिअरिंग नव्हते, काचाही हाताने फिरवाव्या लागत. आणि गाडीत जे नाही ते बिघडत नाही.

एकच भाग अनेक गाड्यांत असणे हीसुद्धा ग्राहकाची पुण्याई. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होते आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही. त्यामुळे जुन्या फियाटच्या इंजिनाला मिस्त्री सापडतो. शोधाशोध होते ती दाराच्या हँडलसाठी. कंपन्या तर देश सोडूनही जातात. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. सुट्या भागांची सोय कंपनी मागे ठेवते, पण विकायला काढलेल्या गाडीचा भाव लगेच पडतो. कर्जाचा हप्ता तेवढा निष्ठेने चालू राहतो.

म्हणून गाडी पसंत करण्याआधी पुण्यातल्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन चार भाव विचारावेत: हेडलाइट, पुढचा बंपर, क्लच सेट आणि शॉकअप. दुकानदाराने मागे न वळता हात घालून खोके काढले तर गाडी घ्यावी. त्याने चष्मा काढून ‘मागवावं लागेल’ म्हटले, तर चहा पिऊन परत यावे.

सेकंड हँड गाडीत विक्रेत्याच्या शब्दापेक्षा धुराला अधिक मान द्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे; काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही; इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत शिरत असल्याची शंका घ्यावी. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर पाना लागून गेला आहे. टायरवरच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटर मागे नेता येतो; झिजलेले पेडलचे रबर मात्र खरे बोलते. जाहिराती खऱ्या मानल्या तर महाराष्ट्रातला प्रत्येक डॉक्टर दर दोन वर्षांनी गाडी विकतो आणि मधल्या काळात ती फक्त रविवारी देवळापर्यंत नेतो.

डिझेलचा मोह हे वेगळेच प्रकरण. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ सलग आणि वेगात पळावी लागते. रोज घर ते भाजी मंडई एवढाच प्रवास असेल तर फिल्टर तुंबतो आणि स्वस्त इंधनाचे वाचलेले पैसे सर्व्हिस सेंटरला पोचते होतात. अशा घरी साधी पेट्रोल गाडी बरी. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तो सांगितलेल्या मुदतीत बदलावा. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते आणि त्या भेटीचे बिल मालकाला येते.

कागदपत्रांत आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरला आहे ना, ते पाहावे आणि नावबदलासाठी फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात. खासगी गाडीचे पासिंग पंधरा वर्षांचे असते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर. विम्यातला नो क्लेम बोनस विकणाऱ्याबरोबर निघून जातो, गाडीबरोबर येत नाही. झिरो डेप नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि सगळ्यांत आधी ठोकला जाणारा बंपर नेमका प्लास्टिकचा असतो. लिंबू-मिरची कोणत्याही पॉलिसीत बसत नाही. मात्र सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना बसणारा आणि दर शनिवारी सिग्नलवर मिळणारा तो एकमेव सुटा भाग आहे.