घडीतली ओळ

सरकारी टंकलेखकाला मिनिटाला इंग्रजीत 40 शब्द लागतात, मराठीत 30. मातृभाषेला ही दहा शब्दांची सूट कशाबद्दल, ते मराठी टाइपरायटर बडवलेल्याला विचारा. त्यावर ‘कि’ काढायचा तर आधी वेलांटी, मग क. म्हणजे आधी छत्री उघडून उभी करायची आणि मग तिच्याखाली माणूस आणायचा. 2017 साली राज्यातली टाइपरायटरवरची परीक्षा बंद झाली, तेव्हा माझ्या करंगळीने सुटकेचा श्वास सोडला.

आमचा क्लास पिठाच्या गिरणीवर होता. सरावाला सरांकडे उतारा एकच, ‘वृक्षारोपणाचे महत्त्व’. सहा महिन्यांत तो इतका घोटला, की झोपेतसुद्धा बोटं उशीवर झाडं लावत.

‘‘नोकरीच्या चाचणीत हाच आला, तर ती कॉपी नाही का?’’ मी एकदा विचारलं.

‘‘हरिपाठ पाठ असलेल्या वारकऱ्याला कॉपीबहाद्दर म्हणशील?’’ सर कडाडले. वारकऱ्यासमोर विठोबा घड्याळ लावून बसत नाही, हे उत्तर मला जिना उतरताना सुचलं.

पुढे एका संस्थेत कारकुनाची जागा निघाली. ‘सुरू करा’ म्हणताच कागद उलटला, तर ‘वृक्षारोपणाचे महत्त्व’! सदसद्विवेकबुद्धी म्हणाली, हात वर कर आणि खरं सांग. पण हात मोकळे कुठे होते? ते दुसऱ्या परिच्छेदात पोचले होते. वेळेआधीच संपवून मी दमल्याचा अभिनय केला. आणखी तिघेही उगाचच घाम पुसत होते.

थोड्या वेळाने साहेबांनी नेमकं आम्हा चौघांना आत बोलावलं. चार कोपऱ्यांत बसलेल्या चौघांच्या कागदांतून एकच ओळ गायब होती. सरांच्या प्रतीची घडी तिथेच पडायची; ओळ कधीच झिजून गेलेली. त्यामुळे आमच्याकडे ‘झाडांची मुळे पावसाचे ढग अडवतात’ असं होतं आणि सहा महिन्यांत ते कोणालाही खटकलं नव्हतं. टायपिंग करताना वाचतो कोण?

साहेबांनी दार लोटून घेतलं.

‘‘गिरणीवरचा क्लास ना?’’

आम्ही माना खाली घातल्या. साहेबांनी मुंबईहून छापून आलेला उतारा पुढे ओढला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि आवाज उतरवून म्हणाले, ‘‘डोंगरावरची वनं होती होय! मला इतकी वर्षं मुळंच वाटत होती.’’