साडेसहाशे सीसी: पहिले पन्नास फूट

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

कॉलेजात आणि पहिल्या नोकरीत ज्यांनी स्प्लेंडर चालवली, मग लग्न, घराचा हप्ता, चारचाकी आणि मुलांचे क्लास या क्रमात जी कधीतरी विकून टाकली, आणि आता पन्नाशीच्या आसपास चार पैसे हाताशी आल्यावर ज्यांनी थेट रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर दारात आणून उभी केली, अशांसाठी. नवशिक्यांनी ही वाचायची गरज नाही. आपल्याला येत नाही हे नवशिक्याला माहीत असतं, त्यामुळे तो चार जणांना विचारतो. तुम्हाला येतं. सगळी अडचण तिथेच आहे.

आधी हिशेब पाहू. स्प्लेंडर बाजारात आली १९९४ साली. ९७.२ सीसी, साडेसात-आठ अश्वशक्ती, वजन ११० किलोच्या आसपास. इंटरसेप्टर आपल्याकडे आली २०१८ मध्ये. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ अश्वशक्ती, आणि टाकी भरली की वजन २१० किलोच्या पुढे. म्हणजे ताकद सहापट आणि वजन जवळजवळ दुप्पट. गाडी घेणारा 'सहापट' ऐकून हुरळतो आणि 'दुप्पट' ऐकून न ऐकल्यासारखं करतो. नेमकं उलट करावं. ताकद दाखवायला मोकळा रस्ता लागतो. वजनाला सोसायटीचं पार्किंग पुरतं.

साहित्य

हेल्मेट एक, नवं. माळ्यावरचं जुनं चालणार नाही. ते काढून डोक्यात घालून पाहा, म्हणजे वेगळं सांगावं लागणार नाही. आतला स्पंज भुगा होऊन केसांत उतरेल आणि कानाशी काळी पूड लागेल. आतलं थर्माकोलसारखं अस्तर वर्षानुवर्षांत कडक होतं, आणि धक्का शोषायचं काम तेच करत असतं. आयएसआय शिक्का बघून घ्यावं. मापाचं घ्यावं, दुकानदार 'वापरून सैल होईल' म्हणाला तर गालाशी सैल होतं, कपाळाशी नाही, हे लक्षात ठेवावं.

चष्मा. तरुणपणी हा घटक यादीत नव्हता. आधी हेल्मेट, मग चष्मा. उलट क्रमाने केल्यास काड्या कुठे जातात ते एकदाच कळतं. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर मीटर वाचायला मान किती खाली घालावी लागते हे गाडी उभी असतानाच बघून ठेवावं.

बूट, घोट्यापर्यंतचे. कोल्हापुरीवर स्प्लेंडर चालत असे. या गाडीला वरचा गिअर पडतो तो पायाच्या बोटांवरच्या भागाने पट्टी उचलून. महिन्याभरात डाव्या बुटाच्या टोकावर, नेमक्या अंगठ्याच्या वर, बोटभर काळा पट्टा उमटतो. तोच पट्टा उघड्या अंगठ्यावर उमटू द्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रोज स्कूटर चालवणारी एक व्यक्ती. बहुतेक घरांत ही बायको असते. गेली वीस वर्षं तुम्ही वाहतूक पाहिलीत ती एसी लावून, काचेआडून. त्याच काळात तिने भर पावसात, पुढे भाजीची पिशवी आणि मागे पोर घेऊन, खड्डे चुकवत गाडी चालवली आहे. रिक्षा वळणार की नाही हे तिला रिक्षावाल्याच्या हाताकडे न बघता पुढच्या चाकावरून कळतं. ज्याची सवय मोडली ते तुम्ही आहात. तिची सीसी कमी आहे म्हणून तिचं ऐकायचं नाही, असं करू नये. पहिला महिना तिला मागे मात्र बसवू नये. शेजारी उभं राहून ती जास्त कामाची असते.

कृती

गाडी सुरू करणं. किक शोधू नये, नाही. पेट्रोलचा कॉक शोधू नये, तोही नाही. रिझर्व्हला लावायचं कुठे, असं शोरूममध्ये विचारू नये. तिथली पोरं हसतात. चोक गेला. बटण दाबूनही गाडी सुरू झाली नाही तर बॅटरीला, कंपनीला आणि सरकारला नावं ठेवण्याआधी उजव्या मुठीजवळच्या लाल स्विचकडे पाहावं. त्याने इंजिन बंद होतं, आणि जिन्यातून येणारं-जाणारं प्रत्येक लहान मूल तो दाबून जातं. गिअर टाकताच गाडी बंद पडत असेल तर साइड स्टँड वर घेतलेला नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत ही सोय आहे, आणि ती तुमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे.

आता पहिले पन्नास फूट. पार्किंगच्या खांबापासून गेटपर्यंतचं हे अंतर. महामार्गावर काय होईल याची धास्ती तुम्हाला असते, पण गाडी पडते ती इथे, ताशी पाच किलोमीटरने, वॉचमनच्या देखत. पडण्याची रीत ठरलेली आहे. गेटकडे वळताना हँडल पूर्ण वळलेलं असतं, समोर कोणाची तरी सायकल येते आणि तुम्ही घाबरून पुढचा ब्रेक दाबता. वळलेल्या हँडलवर पुढचं चाक थांबलं की सगळं वजन आतल्या बाजूला येतं. स्प्लेंडर अशा वेळी पाय टेकून सावरता यायची. इथे पाय टेकतो, गाडी मात्र येतच राहते. म्हणून या टप्प्यात उजव्या हाताची बोटं ब्रेकवर ठेवायचीच नाहीत. हाफ क्लच, जराशी रेस आणि पायातला मागचा ब्रेक, एवढ्यावर गाडी हळू चालवायला शिकावं. मागच्या ब्रेकने गाडी स्थिर राहते. आणि नजर सायकलवर नको, गेटवर. जिथे बघाल तिथे गाडी जाते, हे खांबाकडे बघणाऱ्यांना फार लवकर पटतं.

स्कूटरवाल्या व्यक्तीचा सल्ला या ठिकाणी कामी येतो. "अहो, हँडल कसलं बघताय, मान वळवा. गाडी आपोआप वळेल." हे वाक्य परदेशातल्या महागड्या रायडिंग स्कूलमध्ये पैसे घेऊन सांगतात. ते फुकट मिळतंय तर ऐकावं. मान किती वळते हा वेगळा प्रश्न आहे. स्पॉन्डिलायटिस असेल तर आधी तो बघावा.

गाडी पडलीच तर ती सोडून द्यावी. २१० किलो हाताने अडवायला गेलात तर कंबर जाते. मग लाल स्विचने इंजिन बंद करावं, गाडी गिअरमध्ये आहे ना बघावं, उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा. सीटला पाठ लावून बसावं, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने मागची कडी धरावी, आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठावं. कोणी पाहिलं नसेल तर गाडी पडली असं धरायचं का, ही शंका अनेकांना येते. सोसायटीत कोणी पाहत नाही अशी वेळ नसते.

उतारावर तोंड खाली करून गाडी कधी लावू नये. काढताना ती चढावर मागे ढकलावी लागते आणि रिव्हर्स गिअर नसतो. मदतीला जो येतो तो आधी "ॲव्हरेज किती देते?" असं विचारतो.

यानंतर डावा पाय. या मार्गदर्शिकेतला सर्वांत कठीण भाग. स्प्लेंडरचे चारही गिअर खाली आहेत: चवड्याने दाबलं की वरचा, टाचेने दाबलं की खालचा. इंटरसेप्टरचा पहिला खाली, बाकीचे पाच वर, आणि टाचेसाठी पट्टीच नाही. पहिल्या दिवशी पाय सावध असतो, नीट वागतो. तो दगा देतो महिन्याभराने, समोर बस आडवी येते आणि डोक्याचं पायाकडे लक्ष नसतं तेव्हा. तिसऱ्यात असताना चौथा म्हणून चवडा दाबला जातो आणि दुसरा पडतो. इंजिन किंचाळतं, गाडी एकदम आवळते, पोट टाकीवर आपटतं. या गाडीच्या क्लचमध्ये स्लिप-असिस्ट नावाची सोय आहे. असा चुकून खालचा गिअर पडला तर क्लच थोडा घसरतो आणि मागचं चाक एकदम अडत नाही. बनवणाऱ्यांच्या मनात वेगाने चालवणारे असतील, पण आपल्याकडे तिचे खरे लाभार्थी स्प्लेंडरचे माजी मालक आहेत. उपाय एकच: रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर, प्रत्येक गिअरला तोंडाने 'वर' किंवा 'खाली' म्हणून मगच पाय हलवायचा. हेल्मेटच्या आत कोणाला दिसत नाही.

न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये दडलेला असतो. सिग्नलला पूर्ण थांबल्यावर शोधाल तर एकातून दोनात आणि दोनातून एकात जात राहाल, तोवर सिग्नल सुटतो आणि मागच्याचा हॉर्न वाजतो. चाक फिरत असतानाच, दुसऱ्यातून अलगद अर्धा दाबावा.

ब्रेकबद्दल थोडक्यात. ड्रमच्या काळात आपण बहुधा पायानेच ब्रेक मारत आलो. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून सरळ रस्त्यावर थांबवायचं मुख्य काम पुढच्या डिस्कचं. दोन बोटांनी, आवळत आवळत. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे घाबरून जोरात दाबलं तरी चाक लॉक होत नाही. पण गेटपाशी, अगदी मंद वेगात, ते मध्ये पडत नाही. तिथे तुमचं तुम्ही.

वेगाचा धडा सर्वांत लहान आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, सी-लिंकवर बंदी, अटल सेतूवर बंदी. चारपदरी महामार्गावर केंद्राची २०१८ची कमाल मर्यादा ८०. इंटरसेप्टर ८० ला पोचते आणि पुढे काय, असं विचारत राहते. तिला उत्तर देऊ नये. ग्रुपबरोबर मिसळ खायला ताम्हिणीला जाणार असाल तर सर्वांत मागे राहावं. मिसळ संपत नाही.

शेवटी लायसन्स काढून बघा. त्यावर एमसीडब्ल्यूजी (म्हणजे गिअरची दुचाकी) ही अक्षरं आहेत का, आणि मुदत कधी संपते? चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, आणि आरटीओत आठ काढायला लावतात: हळू, पाय न टेकता, मान वळवून. बहुतेक जण त्यासाठी भाच्याची शंभर सीसी मागून नेतात. तुम्ही साडेसहाशेच न्या. टेस्ट द्यायची नसेल तरी एखाद्या मोकळ्या मैदानावर आठ काढून पाहा, आणि तो जमेपर्यंत घाटात जाऊ नका.