गोचिडीचा पहिला मुक्काम : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! अंडे फोडून बाहेर आलात, सहा पाय मोजून घेतलेत (उरलेले दोन पुढच्या अवस्थेत मिळतील, आत्तापासून कुरकुर नको) आणि गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून बसलात. या पुढच्या पायांवरच तुमचे नाक आहे. जनावराचा उच्छ्वास, अंगाची ऊब, घामाचा दर्प, सगळे तिथेच कळते. गोचीड उडी मारते असा लोकांचा समज आहे, तो तसाच राहू द्या. प्रत्यक्षात कोणी घासून गेले की धरायचे, एवढेच आपल्या हाती असते.

सुरुवातीलाच एक ताकीद. डासाकडे पाहून हा धंदा शिकू नका. डास म्हणजे स्टँडवर उभ्याउभ्या कटिंग मारून जाणारे गिऱ्हाईक. तुम्ही खानावळीत महिन्याचे पैसे भरलेल्या मेंबर आहात. पहिल्या अवस्थेत दोन-चार दिवस आणि पूर्ण वाढलेल्या मादीला आठवडाभर किंवा त्याहून जास्त एकाच जागी तोंड रुतवून बसायचे असते. जखम होताच रक्त गोठवणारे, खाज उठवणारे आणि पांढऱ्या पेशींची फौज धाडणारे शरीर इतके दिवस आपली जखम उघडी कशी ठेवू देईल? हा प्रश्न ज्या गोचिडीला पडत नाही, ती पहिल्याच दिवशी खाजवून मारली जाते. तोंडातल्या करवतीवर फार भिस्त नको. खरी कमाई लाळेची.

तरी करवतीबद्दल दोन शब्द. कातडी कापा, मागे वळलेल्या काट्यांची सोंड आत घाला आणि लाळेतले सिमेंट ओतून पक्के व्हा. शास्त्रज्ञही त्याला सिमेंटच म्हणतात. शीर शोधत बसू नका. कातडीखाली रक्ताचे छोटे डबके तयार करायचे आणि त्यातून ओढायचे. थोडे ओढा, थोडी लाळ सोडा, पुन्हा ओढा. रक्तातले पुष्कळसे पाणी लाळेवाटेच परत यजमानाच्या अंगात सोडायचे असते. पाणी त्याचे त्याला, माल आपल्याला.

आता रक्त गोठण्याचे बघू. फाटलेल्या पेशींतून एटीपी आणि एडीपी सांडतात, त्यांच्या चाहुलीने प्लेटलेट गोळा होऊ लागतात. तुमच्या लाळेतले अपायरेज ही चाहूलच फोडून टाकते. पुढच्या टप्प्यासाठी वेगळी प्रथिने आहेत. आफ्रिकेतल्या मऊ अंगाच्या एका गोचिडीकडचे असेच प्रथिन १९९० साली ओळखले गेले. ते रक्त गोठवणाऱ्या साखळीतला ‘दहा-ए’ हा घटक धरून बसते. हे काम सोपे आहे, इथे फारसे कोणी नापास होत नाही.

नापास होतात ती खाजेत. खाज म्हणजे कुत्र्याचा मागचा पाय, गाईची खरबरीत जीभ, माकडाची चिमटीत धरणारी बोटे. पूर्व आफ्रिकेतली आपली तपकिरी मावशी गुराच्या कानात मुक्काम करते. तिची युक्ती १९९९ मध्ये उघडकीस आली आणि ती पाठ करण्यासारखी आहे. माणूस सर्दीला जी गोळी घेतो, ती हिस्टामिन जिथे जाऊन बसते ती जागा अडवते. मावशी जागा अडवत बसत नाही, हिस्टामिनच टिपून घेते. तिच्या लाळेतल्या प्रथिनाला आत खोबणी असते, तिच्यात हिस्टामिनचा रेणू अडकतो आणि खाजेची बातमी पोचतच नाही.

हेच तत्त्व पुढे सगळीकडे लावायचे. सैन्याशी लढू नका, निरोप पकडा. पांढऱ्या पेशी जखमेकडे येतात त्या केमोकाइन नावाच्या प्रथिनांच्या बोलावण्यावरून. अशी प्रथिने यजमानाकडे चाळीसहून अधिक, म्हणून एका औषधाने भागत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीने यासाठी लाळेत इव्हॅसिन नावाची प्रथिने बाळगली आहेत. एक क्रमांकाचे आणि चार क्रमांकाचे एका गटाचे केमोकाइन धरतात. तीन क्रमांकाचे न्यूट्रोफिल पेशींना बोलावणारे निरोप गिळते. शिवाय रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते, एकाने दुसरे जागवत घुसखोराला भोक पाडणारी. ती सी-पाच या दुव्यावर तोडा. आफ्रिकेतल्या त्याच मऊ बहिणीला हे उत्तम जमते. इतके, की तिच्या प्रथिनावरून बेतलेल्या औषधाच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत. आपल्याला त्यातून कवडी मिळालेली नाही.

उत्तर अमेरिकेत हरणांवर पोसणारी आपली बहीण याहून वरचढ. तिचे सॅल्प-१५ हे प्रथिन २००२ मध्ये नावारूपाला आले. टी-पेशीवरच्या सीडी-४ या खुणेला ते चिकटते आणि जिने बाकीच्यांना कामाला लावायचे ती पेशीच सुस्तावते. लाइम आजाराचे जिवाणू मात्र फुकटे. तिच्या पोटातून लाळेत येतात आणि हेच सॅल्प-१५ अंगावर पांघरून अँटिबॉडीपासून वाचतात. तयारी आपली, चैन त्यांची!

अँटिबॉडीची फार धास्ती घेऊ नका. त्या तयार व्हायला दिवस लागतात. एकाच कामाची चार-पाच वेगवेगळी प्रथिने जवळ ठेवा आणि मुक्कामात आलटून पालटून वापरा. काल जे होते त्याची ओळख पटेपर्यंत आज दुसरेच पुढे आलेले असते.

सह्याद्रीतल्या वाचकांना एक सूचना. तुमच्यातल्या ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ जातीच्या पोटी माकडतापाचा विषाणू असू शकतो. शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरून पडू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधून काढला. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात पोचला. काजूच्या बागेत राबणारी माणसे तापाने फणफणली. माणसाला चावणाऱ्यांत मधल्या अवस्थेतल्या, तिळाएवढ्या गोचिडी पुढे असतात. लाळेने शांत केलेली कातडी अशा प्रवाशांना आयतीच मिळते. थोगोटो या दुसऱ्या विषाणूवरच्या प्रयोगांत तर गिनीपिगच्या रक्तात विषाणू सापडेना, तरी शेजारी बसून चावणाऱ्या निरोगी गोचिडींना तो लागला.

आता कुठे जाऊ नये ते. गिनीपिग टाळा, निदान दुसऱ्यांदा तरी. विल्यम ट्रॅगर यांनी १९३९ मध्येच दाखवले होते, की एकदा चावून घेतलेल्या गिनीपिगवर पुढच्या खेपेच्या गोचिडींचे पोट भरत नाही. त्याच्या कातडीत बेसोफिल पेशी दबा धरून बसतात. आपल्या युक्त्या मुरल्या आहेत त्या जुन्या ओळखीच्या यजमानांवर. अमेरिकेतल्या रानउंदरावर त्या पुन्हा पुन्हा चालतात, परक्यावर नाही. गुरांचे काही नमुनेही पारखून घ्या. वशिंडाच्या देशी गाईवर आपली डाळ फारशी शिजत नाही, विलायती रक्ताच्या गाईवर शिजते. संकरित गाय पाळणाऱ्याला हे आपल्याआधीच ठाऊक असते.

सगळ्यात वाईट बातमी येल विद्यापीठातली आहे, २०२१ ची. हरणावरच्या गोचिडीची १९ लाळ-प्रथिने एका एमआरएनए लशीत घालून ती गिनीपिगना टोचली. त्यानंतर चावलेली जागा लवकर लाल झाली आणि गोचिडी उपाशीपोटी गळून पडल्या. लशीने जंतूला हातही लावला नाही. आपण जी चाहूल दाबून टाकतो, तेवढी परत आणून दिली. आपल्याविरुद्ध इतका हुशार डाव दुसरा कोणी टाकलेला नाही, हे शत्रूलाही मान्य करावे लागते.

ही मार्गदर्शिका चुकून माणसाच्या हाती पडली असेल, तर रानातून आल्यावर खाज सुटण्याची वाट पाहू नका. ती येऊ नये अशीच सोय केलेली असते. काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कानामागचे केस तपासा. चिकटलेली दिसली तर रॉकेल, काडी, व्हॅसलीन काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. आणि पुढच्या काही दिवसांत ताप भरला, तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.