बॉईल, मी आणि अडीच चमचे शाम्पू

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'तापमान स्थिर असताना वायूचं आकारमान त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतं' हे वाक्य मी झोपेतही म्हणते, असं आमचे हे सांगतात. रॉबर्ट बॉईलने हा नियम १६६२मध्ये छापला. मला तो समजला २०२३मध्ये, एडिंबरात, लेकीच्या घरी बॅगेची चेन उघडल्यावर.

त्या खेपेला आम्ही फक्त केबिन बॅगा नेल्या होत्या. माणशी सात किलो. कारण त्याआधीच्या खेपेला आमची मोठी बॅग आम्हाला टाळून भलत्याच देशात जाऊन बसली, आणि मी चार दिवस जावयाच्या टीशर्टात काढले. सासूने जावयाच्या टीशर्टात वावरणं दोघांनाही जड जातं. एका टीशर्टवर तर कवटी होती. तेव्हाच ठरलं, पुन्हा म्हणून बॅग हातावेगळी करायची नाही.

पण बॅग हातात ठेवायची म्हटलं की बाटल्यांचा नियम आडवा येतो. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उधळला. शीतपेयांच्या बाटल्यांत द्रव स्फोटकं भरून अटलांटिकपार जाणारी विमानं उडवायचा तो बेत होता. आधी काही आठवडे द्रव पदार्थांवर सरसकट बंदी आली. तान्ह्या बाळाचं दूधसुद्धा आईने अधिकाऱ्यासमोर चाखून दाखवायचं. मग त्यातून आजचा नियम निघाला: एकेक बाटली १०० मिलीलिटरची, आणि साऱ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मूठभर माणसांनी केलेल्या उद्योगामुळे साऱ्या जगाच्या तेलाच्या बाटल्या गेली वीस वर्षं संशयित आहेत.

त्यात द्रव कशाला म्हणायचं, हे आमच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे ठरत नाही. टूथपेस्ट द्रव, क्रीम द्रव, मध द्रव, मुरांबा द्रव. दही द्रव, म्हणून श्रीखंडही द्रव. चक्का रात्रभर टांगून त्यातलं पाणी काढण्यात तुमचं आयुष्य गेलं असलं तरी. पदार्थाच्या तीन अवस्था मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतल्या. विमानतळावर त्या दोनच असतात: नेऊ देतात ती आणि टोपलीत टाकायला लावतात ती.

माझी टूथपेस्ट टोपलीत गेली. ट्यूब दीडशे ग्रॅमची होती, पण शेपटापासून गुंडाळत गुंडाळत मी ती पार गळ्यापर्यंत आणली होती. आत फार तर चार दिवसांची पेस्ट.

"इसमें थोडाही है," मी म्हटलं.

"मॅडम, ट्यूब बडा है," तपासणीवरचा जवान शांतपणे म्हणाला.

आत काय शिल्लक आहे याला किंमत नाही, बाहेर काय छापलंय त्याला आहे. मी वाद घालणार होते, पण एकतीस वर्षं मुलांची प्रगतिपुस्तकं मी याच न्यायाने पाहिली होती. मुकाट्याने ट्यूब सोडली.

शाम्पूची बाटली मात्र सुटली. नियमाप्रमाणे शंभराची, अर्धी भरलेली. 'चार डोक्यांपुरता पुरे' या पुणेरी हिशेबाने मी तो अर्धाच घेतला होता. तपासणीनंतर पारदर्शक पिशवीची झिप लावायची राहिली. पुढचं माझ्या इरकल साडीला विचारा.

शाम्पू सांडला की तो मापाने मोजत नाहीत, फेसाने मोजतात. लेकीच्या टबात ती साडी मी चार पाण्यांतून काढली, पाचव्या पाण्यालाही फेस. गोड्या मसाल्याच्या पुडीला गुलाबाचा वास. पासपोर्ट वाचला, पण त्याच्या कव्हराचा असा काही मऊपणा वाढला की येताना अधिकाऱ्याने दोनदा हात पुसला.

लेक दारात उभी होती. "आई," ती म्हणाली, "तू विज्ञानाचीच ना?"

हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. त्याच रात्री बोर्डिंग पासच्या पाठीवर मी गणित मांडलं. विमान उडतं दहा-अकरा हजार मीटरवर, पण आत हवा भरलेली असते. तरी ती जमिनीवरच्याइतकी दाट ठेवत नाहीत. तेवढा दाब पेलायचा तर विमानाचं अंग फार जाड आणि जड करावं लागेल. म्हणून आतला दाब बहुतेक ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मी सीटला पट्टा बांधून, एकही पायरी न चढता, कळसूबाईच्याही साडेसातशे मीटर वर बसले होते. त्या उंचीवर दाब उरतो समुद्रसपाटीच्या तीनचतुर्थांश. महाबळेश्वरला चढताना वेफर्सची पाकिटं फुगतात ती याच कारणाने. ती फुगलेली पाहून मी दर सहलीला पोरांना प्रश्न विचारला होता. स्वतःला कधी विचारला नव्हता.

आता माझी बाटली घ्या. पन्नास मिली शाम्पू, पन्नास मिली हवा. मुंबईत झाकण लावलं असतं तर वर गेल्यावर त्या हवेला साधारण सदुसष्ट मिली जागा हवी. पण पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. इथे हवा मुळातच थोडी विरळ. पुण्यात बंद केलेल्या हवेला त्रेसष्टच लागते. म्हणजे तेरा मिली शाम्पू बाहेर ढकलला गेला, अडीच चमचे. मुंबईकराचा साडेतीन चमचे गेला असता. पुणेकर असण्याचा हा फायदा आजवर कुणी नोंदवलेला नाही, म्हणून इथे नोंदवते.

खरी गंमत वेगळीच होती. शाम्पूने काही केलंच नव्हतं. तो आडव्या बाटलीत निमूट पडून होता. गडबड केली ती उरलेल्या रिकाम्या जागेने. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत हवाच नाही, तर ढकलणार कोण? मी काटकसर म्हणून शाम्पू अर्धा नेला, आणि उरलेली अर्धी बाटली भरून पुण्याची हवा नेली. पुण्याची हवा परक्या ठिकाणी गप्प बसणारी थोडीच आहे!

पुण्याला परतल्यावर मी ठरवलं की पुढच्या खेपेआधी प्रयोग करायचा. निर्वात पंप शाळेत राहिला, पण सिंहगड जागेवर होता. सुमारे १,३०० मीटर. ऑगस्टातल्या एका सकाळी आम्ही निघालो. प्रयोगवही मी सवयीने लिहिली, ती अशी:

साहित्य: शंभर मिलीच्या चार बाटल्या, शाम्पू, प्लॅस्टिकचा पातळ कागद, एक नवरा.

कृती: 'अ' बाटली काठोकाठ भरली. 'ब' अर्धी भरली. 'क' अर्धी भरून, कडा आत जाईपर्यंत दाबून, हवा काढून, तशीच दाबलेली असताना झाकण लावलं. 'ड' अर्धी भरून तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणला आणि त्यावर झाकण फिरवलं. बाटल्यांवर अक्षरं यांनी आपल्या शाईच्या पेनाने घातली. बॉलपेन हे हातात धरत नाहीत. बॉलपेनने अक्षराला वळण राहत नाही, असं त्यांचं चाळीस वर्षांचं मत आहे.

निरीक्षण: धुकं. समोरचा माणूस दिसेना, बाटल्या कुठून दिसणार. कांदाभजी उत्तम. पुण्यापेक्षा दाब जेमतेम नऊ टक्के कमी, म्हणजे विमानाच्या मानाने काहीच नाही. तरी 'ब'चं झाकण अंगठ्याने टक्कन उघडताच शाम्पूने डोकं वर काढलं आणि पिठल्याच्या ताटलीच्या काठाशी येऊन थांबला. 'अ' ढिम्म. 'क'च्या आत गेलेल्या कडा थोड्या बाहेर आल्या, पण आतला ऐवज आत. 'ड'चा कागद पुरीसारखा फुगला आणि तसाच राहिला.

भाकरी थापणाऱ्या बाई हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "काय ओ ताई, न्हायला आलाय काय गडावर?"

निष्कर्ष: बाटली एकतर भरून न्यावी, नाहीतर दाबून न्यावी. टक्कन उघडणाऱ्या झाकणापेक्षा फिरकीचं झाकण बरं. आणि झाकणाखाली कागद.

हा कागद लावताना मला आईची आठवण झाली. मी साताऱ्याहून शिकायला पुण्याला आले तेव्हा लोणच्याची बरणी एसटीने यायची. खंबाटकीचा घाट, एसटीचा तो दणका, आणि शेजारी कुणाचं तरी कोंबडं. आई बरणीच्या तोंडावर आधी पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधायची, त्यावर झाकण, त्यावर सुतळी. आणि बरणी नेहमी गळ्यापर्यंत. "अर्धी बरणी प्रवासाला देऊ नये, हिंदकळते," हे तिचं वाक्य. मला वाटायचं, माया म्हणून जास्त लोणचं देते. आई सातवीपर्यंत शिकली होती आणि बॉईल तिच्यापुढच्या इयत्तांत होता, त्यामुळे तिला तो चुकीचा कळायला वाव मिळाला नाही.

आईवरून पुढचं सुचलं. तिच्या मोरीत बाटली होती एक, खोबरेल तेलाची. बाकी सगळं कोरडं. शिकेकाई, दंतमंजन, उटणं, साबणाची वडी. सांडायचं म्हटलं तरी झटकून मोकळं! मग मी शाम्पू-क्रीम कमी करून त्या जागी पुड्या बांधल्या. खेप होती २०२५च्या दिवाळीची, त्यामुळे उटण्याला निमित्तही होतं.

लेकीने फोनवर सांगितलं, "आई, आता इथे एडिंबरा विमानतळावर नवी यंत्रं आलीत. दोन लिटरपर्यंत चालतं."

"मग येताना मी भरून आणू?"

"येताना मधल्या विमानतळावर पुन्हा शंभरच असेल ना!"

म्हणजे एकाच तेलाची बाटली एका गावात निर्दोष आणि दुसऱ्या गावात गुन्हेगार. आमच्या लहानपणी जकात नाक्यावर असंच असायचं.

निघायच्या दिवशी बॅग म्हणजे माझ्या आयुष्यातला सर्वांत निर्दोष प्रयोग होता. खोबरेल काठोकाठ, झाकणाखाली दादरा, बाटली उभी, झिप बंद. तेल २४ अंशांखाली गोठतं; एडिंबरात ते आपणहून घट्ट होऊन बसेल, हाही हिशेब केलेला. तपासणीच्या पट्ट्यावर मी ताठ मानेने बॅग ठेवली. बॅग आत गेली, थांबली, मागे आली, पुन्हा आत गेली.

"मॅडम, ये क्या है?" जवानाच्या हातात खाकी पुडी.

"शिकेकाई. बाल धोने का."

"और ये?"

"मंजन. दाँत का."

"ये पीला?"

"उटणं. वो... दिवाली का."

"दिवाली का," तो म्हणाला. आता 'दिवाळीची पूड' हे शब्द त्या जागी उच्चारायला नको होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दुसरा जवानही आला होता. बाटल्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तीन पुड्या सुटल्या, हुंगल्या गेल्या. एका जवानाला तीन शिंका आल्या, दुसऱ्याने उटणं पुन्हा एकदा हुंगलं आणि त्याचा चेहरा अचानक निवळला. "हमारे यहाँ भी लगाते हैं," असं म्हणून त्याने पुडी स्वतः नीट बांधून दिली. दादऱ्यासारखी.

विमान वर गेलं. पट्ट्याचा दिवा विझताच मी उठून बॅग काढली. खोबरेल जागच्या जागी. क्रीम कोरडं. झिपच्या आत एक थेंब नाही. दोन वर्षांची बोच गेली. कुणाला तरी सांगावं म्हणून मी शेजारी वळले. "पाहिलंत? कळसूबाईच्या वर आहोत आपण, आणि एक थेंब नाही!"

आमच्या यांनी मान डोलावली, शब्दकोडं मांडीवर घेतलं आणि शर्टाच्या खिशातून पेन काढलं.

मी विचारलं, "पेनात शाई किती होती हो?"

"असेल अर्धी. का?"

पांढऱ्या शर्टावर डाव्या बाजूला एक निळा ठिपका होता. तो बघता बघता रुपयाएवढा झाला, मग पुरीएवढा. पेन काही आंघोळीच्या सामानात मोडत नाही, त्यामुळे ते माझ्या कुठल्याही यादीत नव्हतं. यांनी खिशाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. सिंहगडावर भजी खात माझी थट्टा करणारा तो माणूस आता पहिल्या बाकावर बसल्यासारखा दिसत होता.

"व्यस्त प्रमाणात," ते हळूच म्हणाले.

एकतीस वर्षांत इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी पाचपैकी साडेचार दिले. अर्धा गुण अक्षर फुटल्याबद्दल कापला.