बाब्याचं कॉलेज

स्टॅनमोर हे ज्युबिली लाइनचं शेवटचं स्टेशन. सकाळी गाडी इथूनच रिकामी सुटते, म्हणून बसायला जागा हमखास. संध्याकाळी परतताना डोळा लागला तरी काळजी नाही, कारण इथून पुढे गाडी जातच नाही. माझा भाचा बाब्या याच्या उच्च शिक्षणात या लाइनीचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारी-मार्चात तो रात्री घरी झोपत नाही, सकाळी गाडीत झोपतो. कॉलेज मध्य लंडनमध्ये, पण अधूनमधून त्याला जाग येते ती पार दुसऱ्या टोकाला, स्ट्रॅटफर्डला.

स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक पार्कात कॉपर बॉक्स नावाचं क्रीडागृह आहे, तिथे लंडन लायन्सचा संघ बास्केटबॉल खेळतो. म्हणजे झोपेतसुद्धा दैव त्याला बरोबर दारात नेऊन सोडतं. बाब्या मात्र उलटी गाडी पकडतो. त्याचं बास्केटबॉल अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात असतं. तिथे तो शिकलेला नाही, शिकणार नाही, त्या गावात त्याचं पाऊलही पडलेलं नाही. एक आतेभाऊ तिथून एमएस होऊन येताना निळा टी-शर्ट घेऊन आला, एवढंच नातं. पण "ड्यूक जिंकलं" असं बाब्या चुकूनही म्हणणार नाही. "आम्ही जिंकलो." एकदा सकाळी चहा पिता पिता "आम्ही गेलो, आई" म्हणाला, तेव्हा ताईला वाटलं सेमिस्टर गेली. खरा प्रकार कळल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं दिसलं नाही.

"अरे, मग एनबीए बघ की," मी एकदा सुचवलं. "मामा, ती पगारी माणसं," तो म्हणाला. जणू मी भक्ताला देवळाऐवजी मॉल सुचवला होता. २०२१ पासून या विद्यार्थी-खेळाडूंनाही स्वतःचं नाव-चेहरा वापरून पैसे कमावायची मुभा मिळाली आहे, हे सांगितलं की त्याला नेमकं तेव्हाच कमी ऐकू येतं.

त्याच्या स्वतःच्या कॉलेजलाही संघ आहे. ब्रिटिश विद्यापीठांत बुधवारची दुपार खेळांसाठी मोकळी ठेवायची रीत आहे आणि आंतरविद्यापीठ सामने बहुधा तेव्हाच होतात. त्याच्या आग्रहाखातर मी एक सामना पाहिला. प्रेक्षकांत मी, बाब्या, जखमी झालेला एक खेळाडू आणि बाकावर ठेवलेले कोट. बास्केट पडली की कोणीतरी "वेल प्लेड" म्हणत होतं, तेही हळू आवाजात. बाब्याने एकदाच बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, तर खेळ थांबवून पंचाने कोणाला लागलं का ते पाहिलं.

तेव्हा मला त्याचा रोग कळला. त्याला खेळ नको आहे, गर्दी हवी आहे. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० सालचं, जागा ९,३१४, आणि त्यातले विद्यार्थी अंगाला निळा रंग फासून कोर्टाच्या इतक्या जवळ उभे असतात की पाहुण्या खेळाडूच्या कानात ओरडता यावं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ तिथून जेमतेम दहा मैलांवर. त्यांचा निळा आकाशी, ह्यांचा गडद, आणि एवढं कारण वैराला पुरतं. या दोघांच्या सामन्याला आत शिरता यावं म्हणून पोरं थंडीत आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात. बारा-बारा जणांचे तंबू, रात्री-अपरात्री हजेरी, आणि त्या वस्तीला नाव माजी प्रशिक्षक माइक शशेव्हस्की यांचं.

बाब्याने मग ताईच्या मागच्या अंगणात तंबू ठोकला. एकट्याचा. स्टॅनमोरचा फेब्रुवारी, वर भुरभुर पाऊस. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुजराती काकूंनी कुंपणावरून थेपल्यांचा डबा दिला आणि ताईला बाजूला घेऊन विचारलं, मुलाला घराबाहेर काढण्याइतकं काय झालं?

दाजींना हे सगळं पोरकट वाटतं. दाजी कऱ्हाडचे, पण कॉलेज पुण्यात. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात ते दरवर्षी हजर असत. १९६३ पासून चालत आलेली एकांकिका स्पर्धा ती. पडदा वर जायच्या आत अर्धं थिएटर "अरे आव्वाज कुणाचा" म्हणून हादरवायचं आणि घसा बसला की घरी जायचं, हा दाजींचा नाट्यानुभव. "पण त्यात आशय होता," ते म्हणतात. "अहो, तुम्हाला एक तरी संवाद ऐकू आला होता का?" असं ताई विचारते.

२०२२ च्या मार्चमध्ये कऱ्हाडहून आजी आल्या होत्या. मार्च हा या पंथाचा चातुर्मास. तेव्हा कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा असते. अमेरिकाभरातले ६८ संघ, एकदा हरला की घरी. प्राथमिक चार सामने सोडले तर उरलेल्या ६३ सामन्यांचे निकाल आधीच तक्त्यात भरून ठेवायचे. नाणेफेक करून सगळे बरोबर यायची शक्यता साधारण ९२ हजार कोटी कोटींत एक. बाब्या रात्र रात्र आकडेवारी चाळून तक्ता भरतो आणि फ्रिजवर लावतो. त्या वर्षी त्याने गंमत म्हणून आजींनाही एक तक्ता दिला. आजींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "यात देवाधर्माचं कोण आहे?" मग सेंट पीटर्स, सेंट मेरीज असे संत निवडून त्यांच्यापुढे ठळक खुणा केल्या. ड्यूकची चौकशी केली तेव्हा बाब्याने सांगितलं, की तंबाखूच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या ड्यूक घराण्याने पैसा दिला म्हणून विद्यापीठाला ते नाव. आजींनी मशेरीची डबी पदराखाली सरकवली आणि "मग तेही बरेच असणार" म्हणून तिथेही एक बारीक खूण केली.

अमेरिकेचं घड्याळ आपल्या आधी पुढे जातं, त्यामुळे मार्चात दोनेक आठवडे न्यू यॉर्क पाचाऐवजी चारच तास मागे असतं. बाब्याच्या मते हे काम परमेश्वराने त्याच्यासाठी केलेलं आहे. त्या कृपेने १७ मार्चचा सामना रात्री अकराच्या सुमारास सुरू झाला आणि आजी जाग्या होत्या. जर्सी सिटीचं चिमुकलं सेंट पीटर्स, मानांकन पंधरावं. समोर आठ वेळा विजेतं ठरलेलं केंटकी, मानांकन दुसरं. जादा वेळेत ८५-७९, संत जिंकले. फ्रिजवरचा बाब्याचा तक्ता पहिल्याच दिवशी फाटला. आजी म्हणाल्या, "संतांच्या वाटेला जाऊ नये." संत पुढेही जिंकत गेले. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोचल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. २७ मार्चला, इथलं घड्याळ पुढे गेलं त्याच दिवशी, त्यांना हरवलं ते नेमकं नॉर्थ कॅरोलायनाने. त्या क्षणी आजी आणि नातू एका पक्षात आले.

पुढचा सामना उपांत्य फेरीचा, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. इतक्या वर्षांच्या वैरात या स्पर्धेत ते पहिल्यांदाच समोरासमोर. ड्यूकवर ४२ हंगाम काढून शशेव्हस्की निवृत्त होणार होते. आणि २ एप्रिल, गुढीपाडवा! गुढीला गडद निळा खण बाब्याने हट्टाने लावला होता. ईलिंग रोडवरून कडुनिंब आणला होता, तोही त्याने बिनबोभाट खाल्ला, एरवी थुंकतो. सामना आमच्या पहाटे दोनच्या आसपास सुरू झाला. आजी शालीत, मी उरलेल्या श्रीखंडासोबत. अडीच वाजता दाजी ओरडायला म्हणून खाली आले, "पाच मिनिटं बसतो" म्हणाले, आणि साडेतीनच्या सुमारास याच दाजींनी स्टॅनमोरच्या त्या निःशब्द गल्लीत "आव्वाज कुणाचा" अशी डरकाळी फोडली. "ड्यूकचा!" आजी म्हणाल्या. शेजारी दिवा लागला. अर्धं मिनिट उरलं असताना केलेब लव्हने तीन गुणांची बास्केट टाकली, आणि ८१-७७ असा आमचा निकाल लागला. पाहा, मीही "आमचा" म्हणालो.

अंतिम सामन्यात कॅन्ससने नॉर्थ कॅरोलायनाला तीन गुणांनी हरवलं. आजींनी कॅन्ससच्या नावाने देवापुढे साखर ठेवली.

तेव्हापासून दर मार्चात कऱ्हाडहून व्हिडिओ कॉल येतो. "यंदा संत कोण कोण आहेत रे?" २०२५ ला बाब्या हे सांगताना जरा चाचरला, कारण पहिल्याच फेरीत ड्यूकने माउंट सेंट मेरीजला ९३-४९ असं धुतलं होतं. आजी गप्प झाल्या. मग ५ एप्रिलला उपांत्य सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटात सहा गुणांची आघाडी घेऊन ड्यूक ७०-६७ असं हरलं. इथे पहाट, कऱ्हाडला रामनवमीची सकाळ. बाब्याने पहिला फोन आजींना लावला. त्याचं सगळं रडगाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"संतांवर चव्वेचाळीस गुण चढवलेत," त्या म्हणाल्या, "ते कुठेतरी उतरायचेच. आता ठेव फोन. बारा वाजता जन्म आहे आणि माझा सुंठवडा अजून कुटायचाय."