बोलीवरचे फौजदार

बापूकाकांनी ऑनलाइन लिलावात आजवर एकही नाणं घेतलेलं नाही. मात्र तिथं कोण कुणासाठी खोटी बोली लावतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. लिलाव चालवणाऱ्या कंपनीला तर नाहीच, असं त्यांचं ठाम मत आहे.

त्यांची नोकरी सांगलीकडच्या एका बाजार समितीत झाली. हळद, गूळ, बेदाण्याचे सौदे डोळ्यांदेखत व्हायचे आणि हे पट्ट्या लिहायचे. तिथला रोग वेगळा होता. व्यापारी आपसांत ठरवून भाव पाडायचे. निवृत्तीनंतर पुतण्यानं मोबाइलवर जुन्या नाण्यांचा लिलाव दाखवला, तेव्हा काकांना उलटा रोग दिसला. इथं संगनमत होतं ते भाव चढवायला. विकणाराच दुसऱ्या नावानं, नाहीतर मेहुण्याच्या नावानं, आपल्याच मालावर बोली लावतो आणि खऱ्या गिऱ्हाईकाला वर ढकलत नेतो. काकांचा चेहरा उजळला. पेन्शनीत दिवस कसे काढायचे, हा प्रश्न त्या दुपारी सुटला.

"खरं गिऱ्हाईक मालाकडं बघतं," काका सांगतात, "आणि खोटं गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं. यार्डात मी लांबनं ओळखायचो." अडचण एवढीच, की मोबाइलवर डोळे दिसत नाहीत. बोलीदाराच्या नावाची दोन अक्षरं, मध्ये चांदण्या, आणि कंसात त्याला मिळालेल्या अभिप्रायांचा आकडा. पण त्या चांदण्यांवर बोट ठेवलं की गेल्या तीस दिवसांचा हिशेब उघडतो. किती बोल्या लावल्या, किती वस्तूंवर, त्यातल्या याच विक्रेत्याच्या मालावर किती टक्के, आणि किती मागे घेतल्या. काकांच्या लेखी हा माणसाचा सातबारा.

हे सगळं ते एका लाल कापडी बांधणीच्या खतावणीत उतरवतात. एका संशयिताला एक पान. खरं नाव कळत नसल्यामुळं काकांनी बारशी केली आहेत. 'शून्यवाला' म्हणजे अभिप्राय शून्य, खातं कोरं, पण एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक नाण्यावर हजर. लिलाव संपायच्या बऱ्याच आधी तो गायब होतो, आणि जिंकत जवळपास कधीच नाही. 'पन्नाश्या' पन्नास-पन्नास रुपयांनी टोकरत राहतो. आणि 'माघारराव' हा काकांचा सगळ्यात लाडका.

माघाररावाची करामत कळायला यंत्राची रीत कळायला हवी. आपण आपला कमाल आकडा आत लिहून ठेवायचा. यंत्र आपल्या वतीनं लागेल तेवढीच बोली चढवतं. आपण पाच हजार लिहिले आणि समोरचा दोन हजारांवर थांबला, तर नाणं दोन हजारांच्या थोडं वर आपलं. खोट्या बोलीदाराची सगळी धडपड तो आतला आकडा काढण्यासाठी. पन्नाश्या तो टोकरून काढतो. माघारराव एकदम लाखाची बोली ठोकतो. भाव उडी मारून आपल्या पाच हजारांना ओलांडतो आणि आपलं पोट उघडं पडतं. मग तो 'शून्य जास्त पडलं' असं कारण देऊन बोली मागे घेतो आणि पुन्हा येतो तो चार हजार नऊशेवर. "डोकं आहे हो," काका म्हणतात. आवाजात कौतुक लपत नाही.

त्यांचं गाजलेलं प्रकरण डुकराच्या रुपयाचं. 1911 साली पाचव्या जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड एवढी आखूड, की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारनं नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड आली. आधीच बाहेर पडलेल्या रुपयांना आता मागणी असते. अशा एका रुपयावर मिरजेचे एक दाताचे डॉक्टर बोली लावून होते. रात्री दहाला काकांचा मला फोन. "झोपलास काय? शून्यवाला आला बघ!" त्यानं डॉक्टरांना भरपूर वर नेलं आणि या खेपेला अंदाज चुकून स्वतःच जिंकला. चारच दिवसांत विक्रेत्याचा डॉक्टरांना निरोप आला. पहिल्या गिऱ्हाईकाची अडचण झाली, तुमच्या शेवटच्या बोलीला देऊन टाकतो.

काकांनी डॉक्टरांकडून उत्तर लिहून घेतलं. शून्यवाला यायच्या आधी बोली जिथं होती, तो भाव देतो. पटलं तर बघा. विक्रेता गप्प झाला. "मला नाणं हवं होतं हो," डॉक्टर कळवळून म्हणाले. "नाणं काय, पुन्हा येईल," काका म्हणाले, "असा पुरावा पुन्हा यायचा न्हाई."

कायदा त्यांना तोंडपाठ आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 64. विक्रेत्यानं स्वतः बोली लावायचा हक्क आधी जाहीर केला नसेल, तर त्यानं बोली लावायची नाही, दुसऱ्याकडून लावून घ्यायची नाही. भाव चढवायला खोटी बोली लावली, तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. कुणी ऐकायला बसलंच, तर पाठोपाठ अमेरिकेची कथा येते. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका माणसानं ईबेवर पंचवीस सेंटपासून एक चित्र लिलावाला लावलं. कोपऱ्यात अशी अक्षरं, की रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराची सही वाटावी. बोली 1,35,805 डॉलरवर गेली. मग ध्यानात आलं, की विक्रेत्यानंच दुसऱ्या खात्यावरून बोली लावली होती. ईबेनं सौदा रद्द केला, मागून खटला झाला, आणि मित्रामित्रांनी एकमेकांच्या मालावर बोल्या लावल्याचं उघडकीला आलं. "आणि धंद्यानं कोण? वकील!" इथं काका मांडीवर थाप मारतात.

उपाय विचारलात, तर मात्र माणूस अगदी नीरस होतो. बोल्या बघायच्या आधी आपला आकडा ठरवा, शेवटच्या घटकेला एकदाच लावा, म्हणजे टोकरायला कुणाला वेळच उरत नाही. मग मोबाइल उपडा ठेवून जेवायला बसा. ऐनवेळच्या बोलीनं मुदत वाढते अशा ठिकाणी ही युक्ती चालत नाही; तिथं ठरलेला आकडा तेवढा हलवू नका. संशय आला तर पडद्याची चित्रं काढून कंपनीला पाठवा. विक्रेत्याला चारचौघांत चोर म्हणू नका. बोल्या कुठल्या खात्यांतून, कुठल्या यंत्रांवरून आल्या ते कंपनीला दिसतं, आपल्याला चांदण्या दिसतात. सल्ला सोळा आणे खरा आहे. काका स्वतः तो पाळत नाहीत, कारण मोबाइल उपडा ठेवला तर दिसणार काय?

आणि काका चुकतातही. पन्नाश्या पुढं तीन वेगळ्या विक्रेत्यांकडून नाणी जिंकला, त्यानं पैसे भरले, चांगले अभिप्राय मिळवले. बिचारा नवशिका होता. नवशिके असेच भीत भीत टोकरतात. त्याच्या पानावर काकांनी 'निर्दोष' लिहिलं, आणि बऱ्याच विचारानंतर पुढं 'सध्या' जोडलं.

खरी गंमत गेल्या महिन्यात झाली. कंपनीचं पत्र आलं, की तुमच्या खात्याविरुद्ध तक्रार आहे. काका एका विक्रेत्यावर पाळत ठेवून होते. शून्यवाला उचल खातो का, हे बघायला ते अधूनमधून चाचणीची बोली लावायचे आणि काम झालं, की 'आकडा चुकला' म्हणून मागे घ्यायचे. हे नियमात बसत नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. "तपासाला चालतं," म्हणाले होते. आता तक्रारदारानं मुद्देसूद मांडलं होतं: शंभर टक्के बोल्या एकाच विक्रेत्याच्या मालावर, खरेदी शून्य, माघारी अनेक.

मला वाटलं, काका भडकतील. त्यांनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. "अभ्यास आहे हो पोराचा," म्हणाले, "फक्त वेळा नोंदवल्या न्हाईत." मग खतावणी उघडली, कोऱ्या पानावर 'स्वतः' असं नाव घातलं, सगळे आकडे उतरवले आणि खाली शेरा मारला: खुलासा समाधानकारक नाही.

खातं बंद झालं. त्याच संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काकूंच्या नावानं नवीन खातं काढायची गोष्ट काढत होते. काकूंनी पोळी लाटता लाटता मानही वर केली नाही.

"काढा की," म्हणाल्या, "पण आधी सांगा, त्या वहीत माझं पान कितवं?"