पाच सिग्मांचा माणूस

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत हा प्राणी हल्ली बऱ्याच सोसायट्यांत आढळतो. पीएच.डी. कणभौतिकीत, नोकरी जाहिरातींच्या कंपनीत. आमच्या मुलुंड पूर्वेतला नमुना तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सगळे त्याला ‘सिग्मा’ म्हणतात, कारण या गृहस्थाच्या तोंडून साधं ‘हो’ निघत नाही. फास्ट लेट आहे का, एवढंच विचारा. ‘इंडिकेटर दोनदा बदललाय. दोन सिग्मा धर. आत्ताच काही म्हणता येणार नाही.’ तोवर गाडी येऊन गेलेली असते.

भौतिकीत तीन सिग्मा म्हणजे पुरावा आणि पाच सिग्मा म्हणजे शोध. निव्वळ योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने ४ जुलै २०१२ला हिग्ज बोसॉन हा कण जाहीर केला तो याच मापाने. सर्नला ते शोभतं, आमच्या सर्वसाधारण सभेला परवडत नाही. टाकीची गळती तिघांनी डोळ्यांनी पाहिली होती. हा म्हणाला, ‘त्यातले दोघं नवरा-बायको आहेत. स्वतंत्र निरीक्षणं दोनच.’ ठराव बारगळला, टाकी अजून गळते.

त्याच्या बहिणीला बघायला मंडळी आली तेव्हा तर कहर केला. मुलाचे वडील म्हणाले, पत्रिका छान जुळतेय. यानं कांदेपोह्यांची बशी खाली ठेवली आणि सांगितलं, ‘डिसेंबर २०१५मध्ये सर्नच्या आलेखात ७५० जीईव्ही ऊर्जेपाशी असाच छान उंचवटा दिसला होता. जगभरातून शेकडो शोधनिबंध पडले. ऑगस्ट २०१६मध्ये उंचवटा गायब!’ पाठोपाठ स्थळही गायब झालं.

पूर्वी हा सीएसएमटीला उतरून बसने नेव्ही नगरला, टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत जायचा. आता घाटकोपरला मेट्रो धरून अंधेरीला जातो. काम तेच, असं तो म्हणतो. तिकडे सर्नमध्ये सेकंदाला चार कोटी वेळा प्रोटॉनचे घोळके एकमेकांवर आदळायचे, त्यातल्या हजारभर नोंदी ठेवून बाकी फेकायच्या. इकडे तुम्ही फोनवर पान उघडलंत की ते दिसायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या भागात, तुमच्या नजरेचा लिलाव उरकायचा. गोंगाटातून खूण शोधायची. तिकडे ती हिग्जची असायची, इकडे मिक्सर कार्टमध्ये टाकून विसरलेल्या काकूंची. पगार मात्र कितीतरी पट. त्याची आई म्हणते, ‘आधी हा काय करतो ते मला सांगता यायचं नाही. आता येतं, पण सांगावंसं वाटत नाही.’

तो भौतिकी सोडून पळाला, असं मीही म्हणायचो. पण त्याचा प्रबंध न्यूट्रिनो या कणांवर होता. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५मध्येच टीआयएफआरच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो पकडले होते. त्याच परंपरेतली नवी वेधशाळा तमिळनाडूत, थेनी जिल्ह्यातल्या डोंगराच्या पोटात व्हायची होती, आत ५० हजार टन लोखंडाचा शोधक. जानेवारी २०१५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरीही मिळाली. मग विरोध, खटले, परवानग्या. डोंगर खणलाच गेला नाही आणि याची उमेदीची वर्षं वाट बघण्यात गेली. शाम्पू कुणाला विकावा हे शोधायला मात्र या देशात कुणाची हरकत नसते.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना तो पोरांना तळहात पसरायला लावतो. ‘दर सेकंदाला म्यूऑन नावाचा एखादा कण यातून आरपार जातोय. वर, वातावरणात जन्मलाय. मोजा.’ एरवी मोबाइल न सोडणारी पोरं गुपचूप मोजत बसतात. खरं आहे का, असं एकीने विचारलं, तर म्हणाला, ‘हो.’ सिग्मा वगैरे काही नाही, नुसतं हो.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असा कुणी असेल, तर कुकर घेतल्यावरही महिनाभर कुकरच्याच जाहिराती दिसतात म्हणून त्याच्यावर खेकसू नका. कोजागिरीला त्याला गच्चीवर बोलवा, हवं तेवढं बोलू द्या. घरात लग्नाची मुलगी असेल, तर पाहुणे येण्याच्या दिवशी मात्र त्याला अंधेरीलाच राहू द्या.